वीस खाटांच्या रुग्णालयात हातांची स्वच्छता: बेसिन, हँडरब आणि हातमोजे यांचा तुलनात्मक आढावा

तालुक्याच्या गावी वीस खाटांचे नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरांपुढे किंवा तिथल्या मेट्रनपुढे (मुख्य परिचारिकेपुढे) दुरुस्ती-रंगरंगोटीच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. हाताशी असलेल्या पैशांत वॉर्डात आणखी तीन-चार वॉश बेसिन बसवून घ्यावीत, प्रत्येक खाटेला अल्कोहोलयुक्त हँडरबची (हातावर चोळून वाळू द्यायच्या द्रवाची) बाटली लावावी, की हातमोज्यांचा साठा वाढवून स्टाफच्या हाती द्यावा? तिन्ही गोष्टी एकाच कारणासाठी, म्हणजे एका रुग्णाचे जंतू परिचारिकेच्या हातावरून दुसऱ्या रुग्णापर्यंत पोहोचू नयेत यासाठी घेतल्या जातात, आणि म्हणूनच त्या एकमेकींच्या जागी चालतील असा समज सहज होतो. तो समज कुठे खरा आहे आणि कुठे धोक्याचा आहे, हे निर्णय घेण्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना ते पारखून घेता येईल. पहिला खर्च प्रत्येक खाटेजवळच्या हँडरबवर करावा. दुसरा खर्च आहे ती एक-दोन बेसिने खरोखर वापरण्याजोगी करण्यावर करावा. आणि हातमोजे या दोहोंना पर्याय म्हणून कधीही विकत घेऊ नयेत. एका वेळी किती जंतू मरतात याला महत्त्व आहेच, पण परिचारिकेचा हात दिवसभरात प्रत्यक्ष किती वेळा स्वच्छ होतो, या हिशेबाला मी त्याहून जास्त महत्त्व देते.

नेमके काय साधायचे आहे

हातावर दोन प्रकारचे जंतू असतात. काही त्वचेच्या खोल थरांतले कायमचे रहिवासी असतात. ते सहसा कोणाला त्रास देत नाहीत आणि साध्या धुण्याने पूर्णपणे जातही नाहीत. दुसरे पाहुणे असतात. रुग्णाची चादर, सलाईनचा स्टँड, युरिन बॅगची तोटी, जखमेवरचे ड्रेसिंग, खाटेचा कठडा यांना स्पर्श झाला की ते हातावर येतात आणि पुढच्या स्पर्शाबरोबर दुसरीकडे उतरतात. रुग्णालयातल्या संसर्गांत मोठा वाटा या पाहुण्यांचा असतो. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकोकस ही नावे कल्चरच्या रिपोर्टमध्ये वारंवार दिसतात, आणि ॲसिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरून राहतो. पाहुणे वरवर बसलेले असल्यामुळे योग्य रीतीने केल्यास अर्ध्या मिनिटात त्यांना काढता येते, ही त्यातली दिलासा देणारी बाजू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, सुई, कॅथेटर, ड्रेसिंग अशा निर्जंतुक कामापूर्वी, रक्त, लघवी किंवा शरीरातून येणाऱ्या कोणत्याही स्रावाशी संपर्क झाल्यानंतर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाला स्पर्श न करता केवळ त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यावरही. शेवटचा क्षण सहज चुकतो, कारण सलाईनचा वेग कमी-जास्त करणे किंवा उशी सरकवणे याला आपण रुग्णाला हात लावणे म्हणत नाही. आठ रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टरच्या वाट्याला एका पाळीत असे साठ क्षण येतात, असे केवळ हिशेबासाठी धरू. पुढची सर्व तुलना या साठ आकड्याभोवती फिरते.

साबण आणि पाणी

साबण जंतूंना मारतो त्यापेक्षा त्यांना सोडवून वाहून नेतो. मळ, तेलकटपणा आणि त्यात अडकलेले जंतू फेसाबरोबर सुटतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. त्यामुळे हातावर रक्त, पू, विष्ठा, ओकारी किंवा डोळ्यांना दिसेल असा कोणताही मळ असेल, तर साबण-पाण्याला पर्याय नाही. अल्कोहोल मळाच्या थराखाली पोहोचत नाही, आणि मळ हातावरच राहतो.

दुसरे कारण जंतूंच्या जातीचे आहे. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल हा जंतू प्रतिजैविके दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांत तीव्र जुलाब घडवतो. त्याच्या बीजाणूंवर, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपांवर, अल्कोहोलचा परिणाम होत नाही. नोरोव्हायरससारख्या, बाहेरून मेदाचे आवरण नसलेल्या विषाणूंवरही अल्कोहोल कमजोर ठरते. म्हणून ज्या खोलीत जुलाबाचा रुग्ण आहे, तिथून बाहेर पडताना बेसिनकडेच गेले पाहिजे. हा नियम वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे.

उणीव आहे ती वेळेची. योग्य रीतीने, म्हणजे तळवे, हातांच्या पाठी, बोटांमधल्या बेचक्या, अंगठे आणि बोटांची टोके या सर्वांना फेस लावून, धुऊन, कोरडे करून व्हायला ४० ते ६० सेकंद लागतात. प्रत्यक्षात घाईत बहुतेक जण दहा-पंधरा सेकंदांत आटोपते घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एकत्र केलेल्या प्रयोगांनुसार साध्या साबणाने १५ सेकंद धुतल्यास हातावरचे जंतू साधारण ४ ते १२ पटींनी कमी होतात, तर ३० सेकंद धुतल्यास ६० ते ६०० पटींनी. वेळ दुप्पट केला तर परिणाम कितीतरी पटींनी वाढतो, आणि नेमका तोच वेळ पाळीच्या गर्दीत सापडत नाही.

साबणाच्या मर्यादेचा सर्वांत जुना पुरावा व्हिएन्नातला आहे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयातल्या ज्या प्रसूती विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत, तिथे एप्रिल १८४७ मध्ये शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. साबणाने धुऊनही हाताला प्रेताचा वास राहतो, हे इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि मे महिन्यापासून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे दोनवर आले. जंतू ही कल्पनाच तेव्हा सर्वमान्य नव्हती. तरीही केवळ धुणे पुरे नाही, हातावरचे जे काही आहे ते नष्ट झाले पाहिजे, हे त्यांनी निरीक्षणातून ओळखले होते. आजच्या हँडरबमागचा विचार हाच आहे.

हँडरब

अल्कोहोल जंतूंमधली प्रथिने बिघडवते. त्यासाठी त्यात थोडे पाणीही असावे लागते. म्हणून शंभर टक्के अल्कोहोलपेक्षा ६० ते ८० टक्क्यांचे मिश्रण अधिक परिणामकारक असते. जितके तीव्र तितके चांगले, असे समजून शुद्ध स्पिरिट हातावर घेणे ही चूक आहे. ३० सेकंद चोळल्यावर जंतू साधारण तीन हजार पटींनी कमी होतात, म्हणजे तितक्याच वेळ साबणाने धुण्याच्या तुलनेत हा आकडा बराच मोठा आहे. जिवाणूंबरोबरच इन्फ्लुएन्झा, कोरोना, एचआयव्ही अशा आवरण असलेल्या विषाणूंवर अल्कोहोल प्रभावी ठरते. संपूर्ण कृतीला २० ते ३० सेकंद लागतात, हात पुसावे लागत नाहीत आणि नळापर्यंत जावे लागत नाही.

आता साठ क्षणांचा हिशेब मांडू. बेसिन वॉर्डाच्या टोकाला असेल तर जाणे-येणे धरून एका धुण्याला दीड मिनिट लागते. साठ वेळा म्हणजे ९० मिनिटे. खाटेजवळच्या बाटलीने २५ सेकंद धरले तर साठ वेळा म्हणजे २५ मिनिटे. आठ तासांच्या पाळीतले दीड तास केवळ हात धुण्यासाठी काढणे कोणत्याही सिस्टरला शक्य नाही. त्यामुळे ती साठांपैकी दहा-पंधरा वेळा धुते आणि बाकीचे क्षण तसेच जातात. यात तिचा आळस शोधणे अन्यायाचे आहे. ज्या व्यवस्थेत नियम पाळायला पाळीचा पाचवा हिस्सा खर्ची पडतो, ती व्यवस्थाच चुकीची रचलेली आहे.

खाटेजवळ हँडरब ठेवल्याने प्रत्यक्ष फरक पडतो का, याचे सर्वांत परिचित उदाहरण जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाचे आहे. दिदिये पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या अखेरीपासून १९९७ च्या अखेरीपर्यंत खाटेजवळ हँडरब, भित्तिपत्रके, निरीक्षण आणि स्टाफला त्यांचेच निकाल दाखवणे अशी मोहीम चालवली. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण शंभर संधींमागे ४८ वरून ६६ वर गेले, आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. दोन गोष्टी इथे ध्यानात घ्याव्यात. मोहिमेनंतरही शंभरातल्या ३४ संधी चुकतच होत्या, म्हणजे केवळ बाटल्या लावून काम संपत नाही. आणि सुधारणा बाटली, निरीक्षण व पाठपुरावा या सर्वांची मिळून होती. बाटल्या विकत घेऊन पाठपुरावा वगळणाऱ्या रुग्णालयाने जिनिव्हाच्या आकड्यांची अपेक्षा धरू नये.

हँडरबविरुद्ध सर्वांत खोल रुजलेला आक्षेप मनातला आहे. पाणी ओतल्याशिवाय हात शुद्ध झाला असे आपल्याकडे कोणालाच वाटत नाही. बाहेरून आल्यावर पाय धुणे, जेवणापूर्वी हातावर पाणी घेणे, सोवळ्याच्या घरात प्रत्येक गोष्टीला पाणी लागणे, या सवयी चांगल्या आहेत आणि त्यांनी कित्येक आजार दूर ठेवले आहेत. पण त्यातून शुद्धतेची जी खूण मनात बसली आहे, ती ओल्या हाताची आहे. अनेक वयस्क सिस्टरांनी मला सांगितले आहे की हँडरब लावल्यावर हात चिकट वाटतो, धुतल्यासारखे वाटत नाही, आणि म्हणून त्या तो लावून पुन्हा साबणानेही धुतात. असे एकापाठोपाठ एक दोन्ही करणे कातडीसाठी सर्वांत वाईट आहे. हात दिसायला स्वच्छ असेल तर केवळ हँडरब, मळलेला असेल किंवा जुलाबाच्या रुग्णाजवळून आला असेल तर केवळ साबण-पाणी, एवढे एकच सूत्र शिकवावे.

पाण्याचा प्रश्न

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांमधून लातूरला पाणी न्यावे लागले होते, हे मराठी वाचकांना आठवत असेल. मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी लहान रुग्णालयांत उन्हाळ्याचे दोन-तीन महिने टँकरवर निघतात. अशा ठिकाणी बेसिन असते, पण नळाला पाणी नसते. अशा वेळी बेसिनखाली बादली आणि तिच्यात तांब्या ठेवला जातो. तांब्या हाताळणारा हात आधीच मळलेला असतो, तोच तांब्या बादलीत बुडतो आणि पुढची सिस्टर त्याच पाण्याने हात धुते. हा प्रकार न धुण्यापेक्षा बरा आहे, असे मला वाटत नाही. पाण्याची ओढ असेल तर तोटी असलेली झाकणबंद टाकी उंचावर ठेवून वाहते पाणी मिळवावे, आणि वाचलेले पाणी जिथे साबण अपरिहार्य आहे त्या कामांसाठी राखावे. हँडरबला एका वेळी सुमारे तीन मिलिलिटर द्रव लागतो. पाण्याच्या टंचाईत हा मुद्दा एकटाच निर्णय ठरवण्यास पुरेसा आहे.

मुबलक पाणी असलेल्या रुग्णालयातही बेसिनला स्वतःचे धोके आहेत, आणि बेसिन विकणारा ते सांगत नाही. सांडपाण्याच्या नळीत जंतूंचा बुळबुळीत थर जमतो आणि त्यात सुडोमोनाससारखे जंतू वर्षानुवर्षे राहतात. नळाची धार थेट जाळीवर पडत असेल तर त्यांचे शिंतोडे आजूबाजूला उडतात. बेसिनशेजारीच इंजेक्शनचा ट्रे भरण्याचा ओटा असला तर हे शिंतोडे कुठे पोहोचतात, हे वेगळे सांगायला नको. म्हणून हात धुण्याच्या बेसिनमध्ये उरलेली सलाईन, चहा किंवा रुग्णाच्या अंगपुसणीचे पाणी ओतू नये. त्यासाठी वेगळी मोरी असावी. धार जाळीच्या बाजूला पडेल असा नळ बसवावा, आणि कोपराने बंद होणारा नळ असावा, कारण धुतलेल्या हाताने फिरकी बंद करताना पहिला मळ पुन्हा हातावर येतो.

शिवाय हात कोरडे करणे. ओल्या हाताने जंतू कोरड्या हातापेक्षा कितीतरी सहज पसरतात, आणि बेसिनशेजारच्या खिळ्यावर टांगलेला, दिवसभर सर्वांनी पुसलेला एकच नॅपकिन हा या सर्व कष्टांवर पाणी फिरवतो. कागदी टॉवेल परवडत नसेल तर जुन्या सुती कापडाचे लहान चौकोनी तुकडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवावेत आणि एकदा वापरलेला तुकडा थेट धुण्याच्या बादलीत टाकावा. साबणाची मोठी वडी पाण्यात भिजत पडू देऊ नये. लहान तुकडे जाळीदार डबीत ठेवावेत. द्रव साबणाच्या अर्ध्या बाटलीत वरून नवा साबण ओतणे टाळावे, कारण जुन्या द्रवात वाढलेले जंतू नव्यातही येतात.

हातमोजे

हातमोज्यांबद्दलचा गैरसमज मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो, कारण तो चांगल्या हेतूने पसरतो. मोजे घातलेला हात सुरक्षित, एवढेच ऐकून नवी परिचारिका सकाळी जोडी चढवते आणि त्याच जोडीने चार रुग्णांचे रक्तदाब, दोघांच्या सलाईन आणि एकाची युरिन बॅग उरकते. मोज्याने तिचा स्वतःचा हात वाचला, पण रुग्णांच्या दृष्टीने तो मोजा हा कधीही न धुतलेला हात आहे. मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, काढताना मनगटाला आणि बोटांना मळ लागतोच, आणि मोज्याच्या आत घामट उबेत त्वचेचे जंतू वाढतात. म्हणून मोजे घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा हात स्वच्छ करावे लागतात. मोज्यांवर हँडरब चोळून तीच जोडी पुढे वापरणेही चालत नाही.

मोजे आवश्यक आहेत ते रक्त, स्राव, श्लेष्मल त्वचा (तोंड, नाक यांच्या आतली ओली त्वचा) किंवा उघडी जखम यांच्याशी संपर्क येणार असेल तेव्हा. त्या एका कामापुरते, एका रुग्णापुरते. ताप मोजायला, औषधाची गोळी द्यायला, रुग्णाला खाटेवर बसवायला मोजे लागत नाहीत, आणि तिथे त्यांचा खर्च वाचवता येतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेले मोजे लाल पिशवीत जातात, म्हणजे प्रत्येक अनावश्यक जोडीबरोबर कचऱ्याचे वजनही वाढते.

कुणाला आठवत असेल ते जुन्या वॉर्डातले जंतुनाशकाचे भांडे, ज्यात राऊंडच्या वेळी डॉक्टर आणि सिस्टर आळीपाळीने बोटे बुडवत आणि सोबतच्या टॉवेलला पुसत. काही ठिकाणी ते अजून दिसते. पातळ केलेल्या जंतुनाशकात काही जंतू तगून राहतात आणि वाढतातही. भांड्यातले पाणी दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डाचे सामाईक पाणी झालेले असते. ते आजच काढून टाकावे. त्यावर आणखी तुलना करण्याची गरज नाही.

कातडी, अंगठ्या आणि बांगड्या

दिवसातून पन्नास-साठ वेळा काहीही हाताला लावले तर कातडी बोलू लागणारच. अल्कोहोल आग करते अशी तक्रार सर्वत्र असते, परंतु बहुतेक वेळा आग होते ती साबणाने आधीच भेगाळलेल्या कातडीची. ग्लिसरिन किंवा तत्सम मऊ करणारा घटक असलेला हँडरब साबणाच्या वारंवार वापरापेक्षा त्वचेला कमी त्रास देतो. भेगाळलेल्या त्वचेवर जंतू अधिक साचतात आणि ती सिस्टर हात स्वच्छ करायलाच टाळते, म्हणून पाळी संपल्यावर लावायला साधे मलम रुग्णालयाने द्यावे. हा खर्च मोजे-हँडरबच्या खर्चासमोर नगण्य आहे.

लग्न झालेल्या अनेक परिचारिका हिरव्या बांगड्या आणि अंगठी उतरवायला तयार नसतात, आणि त्यामागचे मन समजून घेतले पाहिजे. तरी अंगठीखालच्या त्वचेवर जंतूंची संख्या बाकी बोटापेक्षा जास्त आढळते, आणि बांगड्यांखाली ना साबण नीट पोहोचतो ना हँडरब. आदेशाचा कागद लावण्यापेक्षा मेट्रनने स्वतः पाळीच्या सुरुवातीला बांगड्या काढून नावाच्या डबीत ठेवाव्यात, मंगळसूत्र गणवेशाच्या आत ठेवावे आणि नखे बोटांच्या टोकांपलीकडे वाढू देऊ नयेत. वरिष्ठांनी केलेले पाहून ही सवय लवकर रुजते. कोपरापर्यंत उघडे हात हा नियम डॉक्टरांच्या लांब बाह्यांच्या ॲप्रनलाही तितकाच लागू आहे.

हँडरब विकत घेताना

बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण स्पष्ट छापलेले असावे. नुसता सुगंध आणि निळा रंग पाहून घेऊ नये. २०२० च्या साथीत राज्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनीही सॅनिटायझर बनवले आणि तुटवडा कमी झाला, पण त्याच काळात विषारी मिथेनॉल मिसळलेला मालही बाजारात आल्याचे उघड झाले. परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटक छापलेले नसतील तर स्वस्त असूनही तो माल नको. घट्ट जेलपेक्षा पातळ द्रव बोटांच्या बेचक्यांत लवकर पोहोचतो, पण सांडतो जास्त. स्टाफला दोन्ही आठवडाभर वापरायला देऊन त्यांच्याकडूनच निवड करून घ्यावी. त्यांना न आवडलेला हँडरब बाटलीतच राहतो.

औषधनिर्मात्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाला जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे तो स्वतः बनवता येतो. दहा लिटरसाठी ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरिन १४५ मिलिलिटर, आणि उरलेला भाग उकळून गार केलेल्या पाण्याने भरायचा. पेरॉक्साइड हातासाठी नसते. बाटलीत किंवा मिश्रणात राहिलेले बीजाणू मारण्यासाठी असते, आणि म्हणून भरलेल्या बाटल्या ७२ तास तशाच ठेवून मग वापरायच्या. इथेनॉलची खरेदी आणि साठा मात्र राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियमांत येतो, त्यामुळे वीस खाटांच्या नर्सिंग होमने या वाटेला जाऊ नये, असे मी सुचवेन.

हा द्रव ज्वलनशील आहे, हे विसरू नये. मोठा साठा गॅसच्या किंवा ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राच्या) खोलीत ठेवू नये, आणि देव्हाऱ्यापुढे निरांजन लावण्यापूर्वी चोळलेला हात पूर्ण वाळू द्यावा. लहान मुलांच्या खोलीत आणि व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या खोलीत बाटली खाटेला न लावता सिस्टरच्या खिशात द्यावी.

किती लागेल, किती वापरले जाते

खरेदीचा अंदाज आणि वापराची तपासणी एकाच आकड्याने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वमूल्यमापन आराखड्यात दर हजार रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्ण-दिवस) किमान २० लिटर हँडरब हा निकष आहे, म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला २० मिलिलिटर, म्हणजेच जेमतेम सहा-सात वेळा चोळण्याइतका. तुमच्या वीस खाटांपैकी सरासरी पंधरा भरलेल्या असतील तर दिवसाला ३०० मिलिलिटर आणि महिन्याला नऊ लिटर लागले पाहिजेत. महिन्याअखेर स्टोअरमधून केवळ तीन लिटर गेल्याचे दिसले, तर बाटल्या भिंतीवर आहेत पण हात कोरडेच आहेत, असा त्याचा अर्थ. याउलट बेसिनच्या बाबतीत असा कोणताही साधा आकडा हाती येत नाही. पाणी कुणी, किती वेळ आणि कशासाठी वापरले हे कळायला कोणीतरी उभे राहून पाहावे लागते, आणि पाहणारा दिसला की सगळेच नीट धुतात.

विभागवार निवड

सर्वसाधारण वॉर्डात आणि ओपीडीत खाटेगणिक आणि टेबलागणिक हँडरब, आणि वॉर्डाला एक उत्तम बेसिन. प्रसूती कक्षात रक्त आणि स्राव यांचा संपर्क सतत येतो, त्यामुळे तिथे बेसिन खोलीच्या आतच हवे. हँडरब त्याच्या जोडीला. जुलाबाचा रुग्ण ठेवण्याच्या खोलीत बेसिन नसेल तर नूतनीकरणातले पहिले नवे बेसिन तिथेच बसवावे. ऑपरेशन थिएटरमधल्या स्क्रबचे, म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी हात स्वच्छ करण्याचे, नियम वेगळे आहेत आणि तिथला निर्णय शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांच्याबरोबर घ्यावा. सफाईच्या मावशी आणि वॉर्डातले मामा यांना बहुतेक ठिकाणी या सगळ्यातून वगळले जाते. बेडपॅन उचलणारा हातच पुढच्या खाटेची चादर बदलतो, म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या रांगेत त्यांना बसवावे.

आपल्या लहान रुग्णालयांत निम्मी शुश्रूषा नातेवाईक करतात. भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे, युरिन बॅग रिकामी करणे ही कामे रात्री सिस्टर एकटी असताना आई, सून किंवा भाऊच करतो, आणि तोच नातेवाईक शेजारच्या खाटेवरच्या ओळखीच्या माणसाला पाणीही पाजतो. त्यामुळे बाटली खाटेच्या पायथ्याशी, नातेवाईक बसतात त्या बाजूला लावावी, आणि रुग्ण दाखल होताना सिस्टरने कागद हातात न देता स्वतःच्या तळहातावर पुरेसा हँडरब घेऊन अंगठा आणि बोटांची टोके कशी चोळायची, हे एकदा करून दाखवावे. या दोन जागा सर्वांत जास्त सुटतात.